बाबारावचा चार्ज

२४ ऑगस्ट १९९८, सोमवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. रोज लिहायची, खरं तेच लिहायचं, कोणाले दाखवायची नाही. बायकोनं, कमलिनीनं, विचारलं, सकाळी सकाळी काय लिहून राहिले. म्हटलं, ऑफिसचं आहे. हे खोटं नाही. ऑफिसचं येणारच आहे यात.

त्याच दिवशी, दुपारी ४.
मीटिंग झाली. १४ सप्टेंबरले हिंदी दिवस. राजभाषा विभागाचे साहेब नवे आहेत, सहा महिन्यांपूर्वी बोकारोच्या स्टील प्लांटातून आपल्या प्लांटात आले. म्हणाले, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर सुरेख देवनागरी छापणारी ती लायब्ररी आपल्याच कम्प्युटर सेक्शनात बनली, फुकटात साऱ्या जगाले वाटली, बाहेरदेशी चालून राहिली आणि आपल्याकडेच बंद! (लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नाही. दुसऱ्या प्रोग्रामांनी उचलून वापरायचा तयार माल.) जुनी मशीन जुलैत वीज पडून जळाली. आता दुसऱ्या मशीनवर टाका, १४ ले स्टेजवर छापून दाखवा, बनवणाऱ्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू. मग माह्याकडे पाहून विचारलं, हटवारजी, ये आप ही लोगों ने बनाया था ना?
मी मान हलवली.
नोंद करून ठेवतो. मान हलवणं म्हणजे हो म्हणणं नव्हे. शिवाय साहेबांचा शब्द होता 'आप लोग'. बाबाराव लांजेवार आणि मी एका टेबलावर आठ वर्षं समोरासमोर बसलो. एका टेबलावर दोन माणसं बसली की त्यांना लोगच म्हणतात.

२५ ऑगस्ट.
बाबाराव जाऊन चौदा महिने झाले. मागच्या वर्षी जूनमध्ये, १८ तारखेले, घरी जेवता जेवता. लायब्ररी त्यानं लिहिली हे खरं. पण चहा कोण सांगत होतं? पंखा कोण लावत होतं? 'बाबाराव, आता पुरे कर, घरी चाल' असं कोण म्हणत होतं? कामात मानसिक आधार नावाची चीज असते.
त्याची खुर्ची अजून समोरच आहे. कोणी बसत नाही. आज मी ती भिंतीकडे सरकवली. जागा मोकळी पाहिजे, दुसरं काही कारण नाही.

२६ ऑगस्ट.
खुर्ची परत टेबलापाशी. झाडूवालीनं सरकवली असेल. विचारलं नाही. फालतू कावून विचारायचं.
आपल्याकडे लायब्ररीची कॉपीच नाही. ती जळाल्या मशीनमध्ये होती. मूळ सोर्स कोड बाहेरदेशी एका युनिव्हर्सिटीच्या मशीनवर ठेवला आहे, बाबारावनंच तिथं चढवला. इंटरनेटची एकच लाईन आहे आणि ती देवरावच्या टेबलावर. देवराव हा आमच्याच सेक्शनातला, पण डोक्यानं खोचक. म्हणाला, तुमीच बनवली नं भैय्याजी, मग तुमच्याकडे नाही काय? म्हटलं, मले लेटेस्ट पाहिजे. बोलायचं कसं हे आपल्याले जमते.

२९ ऑगस्ट.
तीन दिवस लाईन तुटून राहिली. आज आली. दोन फ्लॉपीत मावली. एवढ्याशा मालासाठी एवढा सत्कार! उद्या रविवार. सोमवारी अर्ध्या तासात काम खतम.

३१ ऑगस्ट, सोमवार. सकाळी १०.
सुरुवात. आधी सूचनांची फाइल उघडली. बाबारावची सवय गेली नाही. म्हणजे गेली नव्हती. कम्प्युटरमध्ये येण्याआधी तो आणि मी दोघंही प्लांटातल्या ब्लास्ट फर्नेसवर, लोखंडाच्या भट्टीवर, होतो. तिथं शिफ्ट संपली की लॉगबुकात लिहायचं: वेळ, मशीनची हालत, काय झालं, काय राहिलं, पुढच्यानं काय पाहायचं. खाली दोन सह्या. चार्ज दिला, चार्ज घेतला. हा माणूस सारं आयुष्य तसंच लिहीत राहिला. वरच्या दहा ओळी जगासाठी इंग्रजीत. खाली इंग्रजी अक्षरात आपली नागपुरी मराठी, पानंच्या पानं.
मी सरळ खाली गेलो. फर्नेसवर अकरा वर्षं काढली, एकदाही मागच्या शिफ्टचं वाचलं नाही. 'सब नॉर्मल' लिहायचं, सही ठोकायची. कोणी मेलं नाही.
आता कोड मशीनच्या भाषेत तयार करायची आज्ञा देतो.

दुपारी १२.
मशीन म्हणते, बाबारावच्या साऱ्या फायली भविष्यात लिहिल्या आहेत.
मी दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. एकेका फाइलचं नाव घेऊन सांगून राहिली: हिची वेळ पुढची आहे, हिची वेळ पुढची आहे. शेवटी म्हणते, काम अर्धवट झालेलं असू शकते.
मशीन बंद केली. व्हायरस असेल. चहा प्यायला गेलो. दोन प्यायलो.

संध्याकाळी.
कमलिनीले सांगितलं. पोळी लाटता लाटता थांबली. म्हणाली, मेलेला माणूस पुढचं लिहून राहिला तं विचारा नं त्याले, आपल्या पोरीचं लग्न कधी जमते. मग म्हणाली, तुमी तिकडे साहेबाले काय सांगितलं ते आधी पाहा. या बाईले ऑफिसचं कोण सांगते?

२ सप्टेंबर.
संकल्प: भ्यायचं नाही. मी सायन्सचा माणूस आहे (बी.एस्सी., पार्ट वन).
टेबलावर उदबत्ती लावली. मच्छर फार झाले आहेत. देवराव म्हणाला, मच्छरसाठी मोगरा कोण लावते.
पुन्हा आज्ञा दिली. पुन्हा तीच भविष्यवाणी. पण या वेळी जोर केला, वार्निंग येऊ द्या म्हटलं, आणि काहीतरी तयार झालं. मग तपासणीची आज्ञा दिली. पडद्यावर माह्या नावानं एक ओळ आली. जशी आली तशी उतरवतो.
'भैय्याजी, प्रिंटर चालू नाही.'
प्रिंटर खरंच चालू नव्हता.

त्याच दिवशी, १५ मिनिटांनी.
प्रिंटर चालू केला. ओळ आली: 'भैय्याजी, कागद उलटा लावला.'
पाहिलं. उलटा होता.
सरळ लावला. ओळ आली: 'आता घाई नको करू. पाणी पे.'
मी भिंतीतला प्लग उपटला. कारण बिजली कमीजास्त होऊन राहिली होती. पाणी मात्र प्यालो, तहान होतीच. खुर्ची टेबलापाशी होती, आणि थोडी तिरपी, जसा तो उठून जाताना करायचा.

३ सप्टेंबर. सिक लिव्ह. पाठ.

४ सप्टेंबर. पाठ.

५ सप्टेंबर, शनिवार.
कमलिनी घरी बसू देईना. म्हणाली, साधना वहिनीकडे जा, त्याची वही-बिही असेल. साधना वहिनी म्हणजे बाबारावची बायको. सेक्टर ६ चा कंपनीचा क्वार्टर सुटला, आता चरोद्याले भावाकडे राहते, रेल्वे कॉलनीत. स्कूटरनं गेलो.
वही नव्हती. कपडे आणि काही कागद होते. मी सहज म्हटलं, वहिनी, मशीन माह्या नावानं बोलून राहिली. मले वाटलं घाबरेल. ती हसली. म्हणाली, ते तुमच्यावरच तं सारं तपासत होते भावजी. तुमी जी चूक केली, ती घरी येऊन सांगत, आणि दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर लिहून ठेवत. म्हणत, भैय्याजीले जमलं तं साऱ्या जगाले जमते.
म्हणजे तपासणी माझी! आठ वर्षं! माझ्याशिवाय ही लायब्ररी उभीच राहिली नसती. हे मले आजवर कोणी सांगितलं कावून नाही?
भविष्याचंही विचारलं. म्हणाली, मले त्यातलं कळत नाही, पण शिफ्टवर गेल्या गेल्या ते आधी घड्याळ पाहत. घरीही तसंच. लॉगबुकात पहिला रकाना वेळेचाच नं.
निघताना दारात आली. तिची पोरगी मागं उभी होती, आठवीत आहे. वहिनी म्हणाली, "भावजी, १४ तारखेले त्यांचं नाव घेतील नं? आमी दोघी येतो. पोरीले एकदा ऐकू द्या."
मी म्हटलं, हाव वहिनी, तेच तं चाललं आहे.
वापस येताना वारा फार होता, डोळ्यांत कचरा गेला.

७ सप्टेंबर, सोमवार.
पितृपक्ष लागला, आणि तिकडे हिंदी पखवाडाही. दोन्ही पंधरवडे एकदमच.
आज बाबारावच्या सूचना वरून वाचल्या. पहिल्यांदाच. म्हणजे बारकाईनं पहिल्यांदा. मराठीतली पहिलीच ओळ:
'१. पहिले घड्याळ पाय. जुन्या मशीनची बॅटरी मेली की ते १९८० सालात जाऊन बसते. मग तिले माह्या फायली उद्याच्या वाटतात. भेऊ नको.'
आमची नवी मशीन म्हणजे अकाउंट्सवाल्यांची जुनी. तारीख पाहिली: १ जानेवारी १९८०. बरोबर केली. भविष्यवाणी बंद. तासाभरात सारं तयार.
हे मले पहिल्या दिवशीच माहीत होतं. फक्त खात्री करत होतो.
'भेऊ नको' हे कोणासाठी लिहिलं असेल? जगासाठी असेल. जगही भेते.

८ सप्टेंबर.
भाषण लिहायला घेतलं. 'माझे दिवंगत मित्र बाबाराव लांजेवार यांनी ही लायब्ररी लिहिली. मी तपासली.' वाचून पाहिलं. दोन वाक्यांत संपते. सत्काराच्या मानानं छोटं वाटते.

९ सप्टेंबर.
सुधारित: 'मी आणि माझे मित्र बाबाराव यांनी.'

९ सप्टेंबर, चहानंतर.
सुधारित: 'आमच्या सेक्शननं.' हे सर्वात नम्र आहे. नाव घेतलं की कोणाचं आधी, कोणाचं नंतर, भानगड. वहिनीले समजेल. ती समजदार आहे.

१० सप्टेंबर. सकाळी ११.
शेवटची पायरी. लायब्ररी मशीनमध्ये पक्की बसवायची आज्ञा. पडदा थांबला, आणि विचारलं:
'चार्ज कोण घेऊन राहिला? नाव लिही.'
वीस मिनिटं बसलो. सेक्शनात कोणी नव्हतं. पंखा होता. पूर्ण नाव लिहिलं, भैय्याजी हटवार. उत्तर आलं:
'ठीक. सांभाळ. आता माही सुट्टी.'
खोटं कशाले लिहू. टेबलावर डोकं ठेवून रडलो. समोरच्या खुर्चीकडे पाहिलं नाही. उगाच कोणी असतं तं.

दुपारी ३.
नमुन्याचं पान छापलं. अक्षर मोत्यासारखं. मात्रा जागच्या जागी, जोडाक्षरं टकाटक. खाली, पानाच्या अगदी तळाशी, एक बारीक ओळ: 'चार्ज दिला: बाबाराव लांजेवार. चार्ज घेतला: भैय्याजी हटवार.'
दुसरं पान छापलं. त्यावरही. दहा पानं छापली. दहाहीवर.
जुन्या मशीनवर दिला-घेतला दोन्हीकडे त्याचंच नाव असेल. कधी लक्षच गेलं नाही. पानाच्या तळाशी कोण वाचते?

११ सप्टेंबर.
ती ओळ काढायला घेतली. कारण वेगळं काही नाही, पान स्वच्छ दिसलं पाहिजे. कोडमध्ये जागा सापडली. वर लिहिलेलं: 'भैय्याजी, इथं हात नको लावू.' लावला. साऱ्या वेलांट्या उडून पानाच्या कोपऱ्यात गोळा झाल्या. पुन्हा होतं तसं केलं.
नवी युक्ती: पानाची लांबीच कमी सांगायची. तळ नाही तं तळाची ओळ नाही. छापलं. सात इंचांवर पान संपलं आणि त्याच्या तळाशी ती ओळ. कोडमध्ये शेजारीच लिहून ठेवलं आहे: 'पान छोटं केलं तरी सही येईल. सहीशिवाय लॉगबुक बंद होत नाही.'
मेल्यावरही हा माणूस माह्या एक पाऊल पुढं. मले राग आला. खरा राग. तू गेला नं बाप्पा? मग जा नं. मी राहिलो इथं, मले दोन वर्षांनी रिटायर व्हायचं आहे, मले आजवर कोणी एक नारळ दिला नाही.

१२ सप्टेंबर, शनिवार.
चरोद्याले बाबारावच्या श्राद्धाची तिथ होती. जेवायला बोलावलं होतं. कमलिनी एकटी गेली. मले भाषण होतं. परतल्यावर म्हणाली, खीर-वड्यांचं पान बाहेर ठेवलं तं कावळा लवकर आला नाही. वहिनी म्हणाली, ते कामात असतील. सगळे हसले म्हणे.
मी नाही हसलो.

१३ सप्टेंबर.
पक्का निर्णय. नाव घ्यायचं. पहिलं भाषण, दोन वाक्यांचं, तेच म्हणायचं. एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं. झोप मस्त लागेल. कोट इस्त्रीले दिला.

१४ सप्टेंबर, सोमवार. संध्याकाळी ६.
हॉल भरलेला. तिसऱ्या रांगेत साधना वहिनी आणि पोरगी, पोरीच्या वेणीले नवी रिबन. कमलिनी त्यांच्या शेजारी. देवराव भिंतीपाशी.
पान छापलं. टाळ्या. साहेबांनी पान फाडून घेतलं, माईकवर वाचलं, वरून खालपर्यंत. तळाशी थांबले. चष्मा वर केला. "हटवारजी, ये बाबाराव लांजेवार कौन हैं?"
भाषण खिशात होतं. दोनच वाक्यं. तोंडही उघडलं होतं.
मी म्हणालो, "सर, वो टेस्ट डेटा है."
साहेब म्हणाले, अच्छा, अच्छा. टाळ्या. शाल. श्रीफळ. प्रमाणपत्रावर 'निर्माता' असं छापलं आहे, आमच्याच लायब्ररीनं, सुबक; तळाची ओळ फ्रेमच्या पट्टीखाली गेली.
देवराव आपल्या चपलांकडे पाहत होता. तिसऱ्या रांगेत वहिनी उठली. रागावली नाही. पोरीचा हात धरला आणि निघाली, जशी लोकल चुकेल म्हणून माणसं निघतात. लोकलले अजून एक तास होता.
हे तांत्रिकदृष्ट्या चूक नव्हतं. नमुन्याच्या पानावरचं सारंच टेस्ट डेटा, म्हणजे तपासणीपुरतं भरलेलं काहीबाही, असतं.

१५ सप्टेंबर.
 कमलिनीनं नारळ फोडला नाही. शाल सोफ्यावर पडली आहे, उचलत नाही.

१६ सप्टेंबर.
ऑफिस सुटल्यावर चरोद्याले निघालो. माफी मागायची असं नाही, नीट समजावून सांगायचं होतं. फाटक बंद होतं, मालगाडी. साठ डबे मोजले. फाटक उघडलं तेव्हा स्कूटर वळलेली होती.

१७ सप्टेंबर.
वहिनी स्वतःच ऑफिसात आली. हातात पिशवी. उन्हातून चालत आली होती, दमलेली. समोरची खुर्ची ओढून बसली. पंधरा महिन्यांत कोणी बसलं नव्हतं त्यावर. 
पिशवीत छापलेली पत्रं होती, इंटरनेटवरून आलेली, बाबाराव घरी नेऊन वाचायचा. त्यावर पेनानं खुणा. वहिनी म्हणाली, "लोक अडचणी विचारतात भावजी. त्यांनी काही जणांले उत्तर देतो म्हणून लिहिलं होतं. आता तुमीच बनवलं म्हणता, तं तुमीच द्या. पोरगी विचारत होती, बाबानं काहीच नव्हतं केलं काय. मी म्हटलं, मोठी झाली की सांगेन."
पाणी प्यायली. गेली. चिडली असती तं बरं झालं असतं.

१८ सप्टेंबर.
संकल्प: रोज एक पत्र. दहा दिवसांत सारी निपटवतो. पहिलं वाचलं. समजलं नाही. दुसरं वाचलं. इंग्रजी समजलं, अडचण समजली नाही. कम्प्युटरचं पुस्तक काढलं, पान एकपासून. पान तीनपर्यंत पोचलो.

२१ सप्टेंबर, सोमवार. दुपारी २.
देवरावनं हाक मारली. लायब्ररीच्या पत्त्यावर नवं पत्र आलं. काठमांडूजवळच्या कोण्या शाळेचे मास्तर. लिहितात: बाबारावजी, मागच्या वर्षी मे महिन्यात आपण लिहिलं होतं की 'र्‍य' नीट छापायचं काम पंधरा दिवसांत करून देतो. आम्ही अजून वाट पाहतो आहे, मुलांच्या निकालपत्रात नावं चुकतात. राग नाही, फक्त आपली तब्येत बरी आहे ना?
देवराव बाहेर गेला. मी त्याच्या खुर्चीत बसलो आणि टाइप केलं. मोडक्या इंग्रजीत, पण एका दमात. बाबाराव लांजेवार १८ जून १९९७ ले वारले. लायब्ररी त्यांची, एकट्याची. मी त्यातली एकही ओळ लिहिली नाही, आणि तुमची अडचण मले सोडवता येत नाही. माफ करा. पाठवलं.  चरोद्यात, ऑफिसात, हॉलमध्ये जे निघालं नाही ते काठमांडूले निघालं. छातीवरून पाटा उतरल्यासारखं झालं. आता वहिनीलेही सांगेन. या आठवड्यात नक्की. नाही तं पुढच्या.

दुपारी साडेतीन.
मास्तरांचं उत्तर आलं. तिकडेही कोणी मशीनसमोरच बसलं असेल. दोनच ओळी आहेत. ऐकून फार दुःख झालं, फार भले माणूस होते. आणि आपण कोण?

पावणेपाच.
चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं. देवराव म्हणाला, भैय्याजी, पाच वाजता लाईन बंद होते, काय ते लवकर लिहा.